दोन ताम्हणं

सुभेदार आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा चपला काढायच्या आधी त्यांनी विचारलं, "मागलं दार कुठं हाय?" मोरीच्या शेजारी आहे म्हटल्यावर ते आत गेले, कडी वर-खाली करून पाहिली आणि मग बाहेरच्या खोलीत येऊन भिंतीला पाठ लावून बसले. त्यानंतर कितीतरी वर्षं ते दर रविवारी सकाळी आमच्याकडं येत आणि दर रविवारी ती कडी तपासत. माझी बायको एकदा स्वयंपाकघरात मला म्हणाली, "या माणसाला फौजेत घेतला तरी कसा?" त्यांना ते ऐकू गेलं. बसल्या जागेवरून म्हणाले, "वैनी, फौजेला भिणारी माणसं लय लागत्यात. न भिणाऱ्यांचं पहिल्याच म्हैन्यात आटपतंय."

सगळा सातारा त्यांना सुभेदारच म्हणायचा, तेव्हा मीही तेच म्हणतो. कृष्णेकाठच्या एका गावचे. घरचा ऊस, दोघे भाऊ सैन्यात, हेही सैन्यात. पण यांनी बंदूक फारशी चालवली नाही. सैन्याच्या वर्कशॉपमध्ये लेथवर, लोखंड कातायच्या यंत्रावर, उभं राहून त्यांची नोकरी सरली. हात मात्र अजून लेथवाल्याचे होते. आमच्या बशीची कड, वर्तमानपत्राचा कागद, माझ्या सदऱ्याची कॉलर, काहीही ते चिमटीत धरून त्याची जाडी बघत. बोलताना हे चालूच असायचं, त्यामुळे नवखा माणूस गोंधळून जायचा.

आमची ओळख राजवाड्याजवळच्या एका शेअर दलालाच्या कचेरीत झाली. मी तेव्हा हायस्कुलातून हेडक्लार्क म्हणून नुकताच निवृत्त झालो होतो आणि हाताशी वेळ भरपूर होता. सगळे जण टीव्हीवर धावणारे आकडे बघत होते. हे एकटे त्याकडं पाठ करून खिडकीबाहेर बघत उभे. मी म्हटलं, "तुम्ही भाव बघत नाही?"

"भाव बघून काय कळतंय? लोकं काय बडबडत्यात ते कळतंय. कंपनी बघायची तर गेटवर जावं लागतंय."

आणि ते खरोखर जात. ज्या कंपनीच्या गेटवर आपण उभे राहिलो नाही तिचा शेअर घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम होता. त्यामुळे त्यांचा शेअरबाजार म्हणजे एसटीनं सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता येईल तेवढाच होता. शिरवळ, कराड, सांगली, मिरज, फार तर कोल्हापूर. गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बसायचं आणि बघायचं. वॉचमनच्या पायात बूट आहेत की चप्पल. शिफ्ट सुटल्यावर माणसं बोलत बाहेर पडतात की खाली मान घालून. भंगाराची गाडी निघाली की हे उठून तिच्या मागं जायचे, खड्ड्यात गाडी आदळून खाली पडलेला लोखंडाचा कीस उचलायचे आणि उजेडात धरायचे. "निळा पडलाय बघा. हत्यार बोथट झालंय तरी रेटत्यात. आत घाई चाललीय." अशा निळ्या किसापायी त्यांनी एका चालत्या कंपनीचे सगळे शेअर विकून टाकले. तिचा भाव पुढं दुप्पट झाला. आम्ही त्यांना त्यावरून फार छळलं. ते शांतपणे म्हणाले, "हू दे की. मी रातीला झोपलो का न्हाई?"

आम्ही म्हणजे मी आणि आष्ट्याचे मेडिकलवाले. आष्ट्यात त्यांचं औषधाचं दुकान, ते आता मुलगा बघतो. महिन्यातून एखाद्या रविवारी गाडी काढून साताऱ्याला यायचे. अंगानं भरलेले, तोंडभर हसणारे, आणि शेअर पडला की जास्तच हसणारे. सुभेदारांना ते 'आमचे शूरवीर' म्हणायचे. सुभेदारांना त्याचा राग यायचा नाही.

एकदाच त्यांनी आपल्या भीतीची हकिकत सांगितली. वर्कशॉपमध्ये हवेचा मोठा कंप्रेसर होता. एके दिवशी त्याचा आवाज यांना वेगळा वाटला. हे लेथ बंद करून बाहेर जाऊन उभे राहिले, साहेबांनी झापलं, यंत्र तपासलं, काही सापडलं नाही. असं तीनदा झालं. युनिटमध्ये यांची चेष्टा सुरू झाली. चौथ्यांदा आवाज बदलला तेव्हा यांनी शेजारच्या लेथवरच्या पोराला दंडाला धरून बाहेर ओढला. बाकीचे हसत आत राहिले.

"मग?" मेडिकलवाल्यांनी विचारलं.

"मग काय? तीन बार हसले समदे. चौथ्यांदा टाकी फुटली, हसायला दोघं कमी व्हते."

त्या दिवशी मेडिकलवालेही हसले नाहीत.

शिरवळच्या त्या कंपनीचं नाव मी लिहीत नाही. पंपांचे आणि व्हॉल्व्हचे भाग करणारी, घरच्याच लोकांनी चालवलेली कंपनी. ज्यांनी एका लेथवर ती सुरू केली ते मोठे मालक वारले होते. आता त्यांचे दोन मुलगे बघत होते, थोरले आणि धाकटे. कौलारू जुन्या शेडमध्ये जुने लेथ, ते थोरल्यांकडं. पलीकडं पत्र्याची नवी शेड, तिच्यात कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं, ती धाकट्यांनी आणलेली. कमाई बहुतेक सगळी नव्या शेडची. निम्म्याहून जास्त शेअर त्या घराकडं, उरलेले आमच्यासारख्यांकडं. सुभेदारांकडं थोडे होते, मोठ्या मालकांच्या वेळेपासूनचे. कंपनीबद्दल ते चांगलं बोलायचे. त्यांच्या तोंडून चांगलं निघालेली ती बहुधा एकच कंपनी. पण त्याला लागून दुसरं वाक्य नेहमी असायचं, "जेवढं गेलं तरी झोप लागंल तेवढंच घालायचं, हेडक्लार्क." मला पहिलं वाक्य ऐकू आलं, दुसरं नाही.

माझ्या बायकोचं माहेर आटपाडी. तिकडं पाणी आलं, जमिनीला भाव आला, आणि तिच्या भावानं सगळी जमीन विकली तेव्हा बहिणीचा वाटा न मागता आणून दिला. असे भाऊ आजकाल कुठं असतात. तिनं सगळे पैसे माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "पोस्टात टाका. यातून माझे गुडघे करायचे." तिचे दोन्ही गुडघे तेव्हाच गेलेले होते. जिना चढताना कठड्याला धरून एकेक पायरी, खाली बसली की उठायला मोरीच्या भिंतीचा आधार. डॉक्टर म्हणाले होते, दोन-तीन वर्षं गोळ्यांवर काढा, मग बदलावेच लागतील. त्या पैशाला ती 'माझं आटपाडी' म्हणायची. 'आटपाडी पोस्टात आहे' असं शेजारणींना सांगायची.

मी ते पोस्टात टाकले नाहीत. तीन वर्षांत दुप्पट करून दोन्ही गुडघे मोठ्या इस्पितळात करू, वर तिला पाटल्या करू, असलं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. सगळेच्या सगळे मी शिरवळच्या कंपनीत घातले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पगाराचे कागद सांभाळले, एक चूक होऊ दिली नाही. मग निवृत्त झाल्यावर ही अक्कल मला कुठून सुचली, कोण जाणे.

रविवारी मी सुभेदारांना आनंदानं सांगितलं. बायको आत होती, म्हणून हळू आवाजात. ते पोहे खात होते. "एवढं एकदम कुठनं आलं?" त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं.

"वैनीला ठाऊक हाय?"

"सांगेन की. वाढले की सांगेन."

त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. निम्मे पोहे तसेच. हात धुऊन आले आणि म्हणाले, "आज सांगा. मी हाय तवर सांगा." मी मान डोलावली आणि सांगितलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी आमच्या घरचं खाणं सोडलं. यायचे, कडी बघायचे, बसायचे, पाणी सुद्धा स्वतःच्या बाटलीतलं प्यायचे. बायकोच्या मनाला ते लागलं. "भावजी, माझ्या हाताला काय झालंय का?" असं तिनं दोनदा विचारलं. ते म्हणायचे, "न्हाई वैनी, पोट साथ देत न्हाई." आणि ती आत गेली की माझ्याकडं नुसतं बघायचे. हळूहळू मला त्यांच्या येण्याची धास्ती वाटायला लागली. रविवार जवळ आला की बाहेर जायचं काही काम निघतंय का, ते मी बघायचो.

खंडेनवमीला त्या कंपनीचं गेट सगळ्यांना उघडं असायचं. ही मोठ्या मालकांची पद्धत. कामगारांची बायकामुलं, आसपासची माणसं, आमच्यासारखे शेअरवाले, कुणीही यावं. मशीनं पुसून, तेल लावून, झेंडूच्या माळा घालून उभी. प्रत्येक मशीनशेजारी ते चालवणारा माणूस नवा सदरा घालून उभा. मोठे मालक हातात ताम्हण घेऊन पहिल्या लेथपासून शेवटच्या मशीनपर्यंत जायचे, स्वतः हळद-कुंकू लावायचे आणि चालवणाऱ्यालाही गंध लावायचे. मागं दोघं मुलगे फुलं घेऊन. मोठे मालक गेल्यावर ताम्हण थोरल्यांकडं आलं, फुलं धाकट्यांकडं. मग पंगत.

त्या वर्षी आम्ही तिघं मेडिकलवाल्यांच्या गाडीतून गेलो. जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो, तेव्हा सुभेदारांनी नेहमीप्रमाणं काच खाली केली आणि दाराचा खटका धरून ठेवला. मेडिकलवाले नेहमीप्रमाणं म्हणाले, "आमचे शूरवीर उडी मारणार बगा." सगळं नेहमीसारखं होतं.

फक्त पूजेला दोन ताम्हणं होती. थोरले आणि त्यांची बायको एक ताम्हण घेऊन जुन्या शेडमध्ये गेले, त्याच वेळी धाकटे आणि त्यांची बायको दुसरं घेऊन नव्या शेडमध्ये. नारळही दोन ठिकाणी फुटले. कारखाना वाढलाय, वेळ वाचतो, असं मला वाटलं. त्यांची आई, ऐंशीच्या घरातली बाई, दोन्ही शेडच्या मधल्या जागेत खुर्चीवर बसून होती. ती या शेडमध्ये गेली नाही आणि त्याही नाही.

सुभेदार आमच्याजवळून कधी निसटले ते कळलं नाही. मी त्यांना शोधत नव्या शेडमध्ये गेलो, तर ते एका मशीनच्या मागं वाकून उभे होते. बोटानं कसलासा रंग चाचपत होते. मला बघून म्हणाले, "चला," आणि थेट बाहेर पडले. पंगतीला बसले नाहीत. बुंदीचं पाकीटही घेतलं नाही. आम्ही मात्र जेवलो. थोरले आणि धाकटे शेजारी-शेजारी बसले होते, धाकट्यांनी थोरल्यांच्या पानात आग्रहानं जिलबी वाढली आणि उठल्यावर दोघं आईच्या पाया पडले.

परतताना घाटात सुभेदारांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेला उभे राहिले. चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, चक्कर आली.

"हेडक्लार्क, उद्या दसऱ्याची सुट्टी. परवा बाजार उघडला की इका. समदं."

"का?"

"घर फुटलंय. वाटण्या झाल्यात. आपल्याला सांगितलं न्हाई एवढंच."

मेडिकलवाले हसले. "दोन ताम्हणं बगून? आवो मर्दा, शेडी दोन, म्हणून ताम्हणं दोन. पंगत एक हुती की!"

"पंगत लोकांसाठी असतीया. पूजा घरासाठी असतीया. एका घरात ताम्हण एकच फिरतंय." मग ते माझ्याकडं वळले. "आन ऐका. नव्या शेडमधल्या मशीनींवर नंबर असत्यात, मागल्या अंगाला. गेल्या साली एक्केचाळीसपासनं पुढं व्हते. जुन्या शेडचे चाळीस, मग ह्ये. आज म्या बघितलं, एकपासनं सुरू हाईत. नवा रंग, हाताला लागतोय अजून. फौजेत मालाला नवा नंबर पडला, की माल दुसऱ्या युनिटचा झाला म्हणून समजायचं. त्या मशीनी आता आपल्या कंपनीच्या राहायच्या न्हाईत. आपल्याला जुनं लेथ उरणार."

मला त्यांचं म्हणणं पटलं. हे आज लिहिताना कबूल करतो, कारण पुढं मी सगळ्यांना 'पटलं नाही' असंच सांगत आलो. घाटात उभ्या उभ्याच मी मनात तोट्याचा हिशोब केला, इतकं ते पटलं. पण भाव तेव्हा माझ्या खरेदीच्या जरा खाली होता. विकलं असतं तर थोडा तोटा पडला असता, आणि तो तोटा बायकोला सांगावा लागला असता. थोड्याच तोट्याची गोष्ट होती. ती ओरडली असती, चार दिवस बोलली नसती, आणि उरलेल्या पैशांत गुडघे झाले असते. मला तेवढंही नको होतं. माझ्या खरेदीच्या भावाला आला की विकतो, असं मी ठरवलं. घरी गेल्यावर धाकट्यांनी थोरल्यांना वाढलेली जिलबी आठवून मनाची समजूत घालत बसलो.

सुभेदारांनी बाजार उघडल्याबरोबर आपले विकले. त्यानंतर तीन महिने काहीच झालं नाही. उलट भाव थोडा चढला, माझ्या खरेदीच्या अगदी जवळ आला. मेडिकलवाल्यांनी फोनवर गाणी म्हणायचं तेवढं बाकी ठेवलं. सुभेदारांना मी विचारलं, "काय सुभेदार, घर तर शाबूत दिसतंय?" ते म्हणाले, "मी चुकलो आसंल तर पेढे वाटीन. पण तुमी इका. मला लय भ्या वाटतंय गड्या." मला 'गड्या' त्यांनी तेव्हाच एकदा म्हटलं.

संक्रांतीनंतर कंपनीनं बाजाराला चार ओळींचं पत्र दिलं. नव्या शेडमधली मशीनं धाकट्यांच्या मुलाच्या वेगळ्या कंपनीची होती, कागदोपत्री इतकी वर्षं भाड्यानं घेतलेली, आणि तो करार आता संपला होता. मोठी गिऱ्हाइकं त्या दुसऱ्या कंपनीकडं गेली. भाऊ-भाऊ सामोपचारानं वेगळे झाले, असंही त्यात लिहिलं होतं. त्यांचा सामोपचार झाला, आमचा पैसा उरला नाही.

दुसऱ्या दिवशी शेअरला लोअर सर्किट लागलं. म्हणजे दिवसात जेवढा पडू देतात तेवढा भाव पहिल्याच मिनिटाला पडतो आणि मग दिवसभर तिथंच उभा राहतो. विकणारे हजार, घेणारा एकही नाही. तुम्ही विकतो म्हणून ओरडत राहायचं आणि संध्याकाळपर्यंत तुमचं कुणी काही घेत नाही. असं रोज. मी सकाळी सव्वानऊच्या आधी मोबाईल घेऊन संडासात जाऊन बसायचो, कारण बाहेर माझ्या हातातले आकडे बायकोनं पाहिले असते. बाहेरून बायको म्हणायची, "पोट बिघडलंय तर ओवा देऊ का?" आणि तिचा एक पाय ओढत चालण्याचा आवाज दाराजवळ येऊन थांबायचा. कितीतरी दिवसांनी एकदाचे शेअर विकले गेले, तेव्हा आटपाडीचा पाचवा हिस्साही हातात आला नाही.

मी तरीही सांगितलं नाही.

मग एका रविवारी सुभेदार बसलेले असताना बायको आतून आली. मिरजेच्या डॉक्टरांचा फोन आला होता, पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली होती. ती खूश होती. कधी नव्हे ती आमच्यात खुर्ची ओढून बसली. "पोस्टाचं पुस्तक काढून ठेवा. उद्याच जाऊ. दोन्ही गुडघे एकदम करतात म्हणे, सहा महिन्यांनी मी तुम्हाला अजिंक्यतारा चढून दाखवते."

सुभेदार माझ्याकडं बघत होते. रागानं नाही. पोहायला न येणाऱ्या पोराकडं काठावरून बघावं तसं.

"पैसे पोस्टात नाहीत," मी म्हणालो. इथपर्यंत ठीक होतं. एवढ्यावर थांबायचं होतं. पण तिचा चेहरा बदलायला लागला, आणि मला ते बघवेना, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सुभेदारांनी सांगितलं, कंपनी चांगली आहे, म्हणून शेअर घेतले. ते बुडाले."

ती सुभेदारांकडं वळली. मीही वळलो. त्यांनी नुसतं 'न्हाई वैनी' म्हटलं असतं तरी मी संपलो असतो. त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. मग म्हणाले, "व्हय वैनी. माझंच ऐकलं त्यांनी."

"माझ्या बापाची जमीन होती ती, भावजी."

"व्हय."

ती एकदम उभी राहिली. गुडघ्यातून कळ आली असणार, पण उभी राहिली. "म्हणूनच माझ्या घरचं खात नव्हतात तुम्ही! पाप ठाऊक होतं तुम्हाला. इतके दिवस मी आपली विचारतीय, पोह्यात काय कमी पडलं, चहात काय कमी पडलं..." तिला रडू आवरेना. "उठा. परत या घराची पायरी चढू नका."

सुभेदार उठले. हात जोडले. चपला घालताना त्यांना नेहमीपेक्षा वेळ लागला. मी खुर्चीवर बसून होतो. ज्या माणसाला आम्ही इतकी वर्षं भित्रा म्हणून हसलो, तो माझी भीती स्वतःच्या अंगावर घेऊन जिना उतरून गेला.

तिचा एक गुडघा झाला. माझी ठेव मोडून, मेहुण्याकडून थोडे घेऊन. दुसरा राहिला तो राहिलाच. बदललेला पाय सरळ पडतो आणि दुसरा वाकडा, त्यामुळे ती आता पूर्वीपेक्षा जास्त लंगडते.

सुभेदार मला त्यानंतर एकदाच भेटले, साताऱ्याच्या स्टँडवर. सांगलीच्या गाडीची वाट बघत खांबाला पाठ लावून उभे होते. बारीक झाले होते. मी तोंड चुकवून जाणार होतो, त्यांनीच हाक मारली. मी माफी मागायला लागलो, तर हात वर करून मला थांबवलं.

"तुमी भ्याला. भ्यालेल्या माणसावर राग धरायचा नसतो."

"तुम्ही का बोलला नाहीत? खरं सांगायचं होतंत."

"आवं, त्या वक्ताला त्या बाईचं पैसं गेलं व्हतं. त्यात नवराबी गेला असता, तर तिच्याकडं काय राहिलं असतं?" गाडी लागली. ते पायरीवर चढले, मग वळून म्हणाले, "तुमचं तुमी सांगा सवडीनं. माझ्यासाठी न्हाई. माझं काय न्हाई त्यात."

मला सवड झाली नाही. पावसाळा संपता संपता मेडिकलवाल्यांचा फोन आला, सुभेदार गेले. झोपेतच गेले. मी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती, हात थांबले. म्हणाली, "दहाव्याला जाऊन या. माणूस वाईट नव्हता. पण आपलं वाटोळं केलं त्यानं." मी 'हं' म्हणालो.

दहाव्याला नदीवर गाव जमलं होतं. पान मांडलं, सगळे मागं सरले. कावळा शिवेना की माणसाचं काहीतरी मनात राहिलंय म्हणतात, आणि मग घरचे लोक एकेक आठवून सांगतात, शेत बघू, लेकीला बघू, काळजी करू नका. मी गर्दीच्या मागं उभा होतो. कावळा शिवणार नाही याची मला खात्री होती. मग त्यांचा मुलगा एकेक सांगत जाईल, आणि कशानंच कावळा येणार नाही, आणि शेवटी एवढ्या लोकांत मला पुढं होऊन बोलावं लागेल. काय बोलायचं ते मी मनात जुळवतही होतो.

लोक मागं सरले न सरले तोच कावळा उतरला आणि शिवला. बायामाणसं डोळे पुसत म्हणाली, "समाधानी गेला." सुभेदारांना खरोखरच माझ्याकडून काही नको होतं. मला तिथं उभं राहवेना.

घरी आलो. बायकोनं दारातच पाणी ठेवलं होतं. पाय धुतले, आत आलो.

"शिवला का कावळा?" तिनं विचारलं.

"लगेच शिवला."

"बघा," ती म्हणाली. "म्हणजे आपल्या पैशांचं त्यांच्या मनाला काही लागलंच नव्हतं."

एवढं बोलून ती भिंतीला धरून उठायला लागली. मी म्हणालो, "बस जरा." ती बसली. आणि मी तिला सांगितलं. पोस्ट, शिरवळ, घाट, 'परवा इका' म्हणालेले, तिला अंधारात ठेवून तिच्या हातचं खायचं नाही म्हणून त्यांनी खाणं सोडलं होतं ते, आणि त्या रविवारी कोण खोटं बोललं ते. सांगताना मी तिच्याकडं बघितलं नाही. सगळं संपल्यावर बघितलं. मला वाटलं होतं ती ओरडेल, गुडघ्याचं बोलेल, आटपाडीचं बोलेल, बापाचं नाव काढेल. त्या सगळ्याची तयारी ठेवून मी बसलो होतो.

ती पैशांचं काहीच बोलली नाही. "मी त्यांना दारातनं घालवलं," एवढंच म्हणाली. मग अगदी हळू, "आता मी कुणाची माफी मागू?"

तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि उत्तराची वाट बघत तशीच पाहत राहिली.